चाकू आणि त्याचा बाजार



आज ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें योजिलें आहे, ती आपल्यापैकीं अनेकांच्या खिशांत, चंचींत किंवा स्वयंपाकघरांत या क्षणींहि असेल. ती वस्तु म्हणजे चाकू. एवढ्याशा पात्यावर भाषण तें काय करावयाचें, असें कोणी म्हणेल. परंतु वस्तु बाजारांत कोणत्या रूपानें मांडली जाते, यावर ती घेणाराच्या मनांत काय उभें राहील हें पुष्कळसें अवलंबून असतें. चाकूच्या बाबतींत तर यावर एखाद्या मुलाचें भवितव्यहि अवलंबून राहूं शकतें.

प्रथम माझ्याच चुकीची हकीकत सांगतों. मी लातूर जिल्ह्यांतील एका खेड्यांत शिक्षक होतों. एके दिवशीं सहावीच्या वर्गांत एका मुलाच्या खिशांतून घडीचा चाकू खालीं पडला. मीं तो जप्त केला, मुलाला बाकावर उभें केलें आणि शस्त्र बाळगण्याच्या दुष्परिणामांवर अर्धा तास व्याख्यान झोडलें. दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेंत येईना. चौथ्या दिवशीं त्याची आजी आली आणि म्हणाली, "गुर्जी, तेवढा चाकू द्या. शेळ्यास्नी पाला तोडाया दुसरं कायबी न्हाई. त्येच्या बापाची तेवढीच एक वस्तू घरात ऱ्हायलीय." मीं कपाट उघडलें. पात्याच्या सांध्यांत बाभळीच्या पाल्याचा हिरवा कण वाळून बसला होता. तो मला पहिल्याच दिवशीं दिसावयास हवा होता. मीं चाकू परत केला. पण भर वर्गांत गेलेली त्या मुलाची अब्रू मला परत करतां आली नाहीं.

तेव्हांपासून चाकू कोठें व कसा विकला जातो, हें पाहण्याची मला संवय लागली. आपल्याकडे तो पूर्वीं घिसाडी विकत असे. गांवाबाहेर पाल पडे. नवरा तापलेलें लोखंड सांडशींत धरी आणि बायको घण घाली. ऐरणीवरील तो ठणठणाट हीच त्यांची जाहिरात. विळा, खुरपें, कुऱ्हाड हीं सारीं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घडत. लातुरास १९१७ सालीं उभारलेल्या गंजगोलाईंत सोळा रस्ते एकत्र येतात. तेथील बाजारांत किंवा लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या जत्रेंत गेल्यास पोत्यावर मांडलेले अडकित्ते, सुऱ्या आणि विळ्या दिसत. विकणारा कधीं मर्दुमकीच्या गोष्टी सांगत नसे. तो सुपारी फोडून दाखवी. कानकोरणें, दातकोरणें व नखें साफ करण्याचें कोरणें एकाच कडींत ओंवलेलें मिळे. अनेक अवजारें एकांत बसविण्याची कल्पना आपल्या आजोबांनाहि नवी नव्हती, हें यावरून दिसेल.

हीच कल्पना युरोपांत फार मोठी झाली. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सनर या कारागिरानें १८९१ सालीं तेथील सैन्यास घडीचे चाकू पुरविण्यास प्रारंभ केला आणि १८९७ सालीं अधिकाऱ्यांसाठीं हलका चाकू काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनीं तो भेटीदाखल घरीं नेला व त्याची कीर्ति जगभर झाली. पुढें १९८३ मध्यें अमेरिकेंत टिम लेदरमन यांनीं पक्कडींतच चाकू बसविलेलें अवजार विक्रीस आणलें. सैन्यासाठीं जन्मलेला स्विस चाकूहि लोकांत खपला तो डबा उघडणारा, पेंच पिळणारा मदतनीस म्हणून. ११ सप्टेंबर २००१ च्या विमानहल्ल्यांनंतर प्रवाशांना चाकू जवळ ठेवण्याची बंदी झाली, तेव्हां या धंद्यास मोठा फटका बसला. २०२४ मध्यें तर त्याच स्विस कारखान्यानें पात्याविना खिशांतील अवजार काढण्याचा विचार जाहीर केला. लोकांची नजर बदलली म्हणजे पात्यालाहि मागें सरावें लागतें, तें असें.

आपल्या नांदेडास मात्र पात्याकडे पाहण्याची एक निराळी दृष्टि आहे. १७०८ सालीं श्रीगुरुगोविंदसिंगजी येथेंच निवर्तले. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरांतील दुकानांतून कृपाणें उघडपणें मांडलेलीं असतात. परगांवच्या माणसास प्रथम दचकावयास होतें. परंतु शीख बांधवांच्या ठायीं कृपाण हें दीक्षेबरोबर येणारें व्रत आहे, आणि आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदानें तें धारण करण्याचा हक्क मान्य केला आहे. तेथें शस्त्राबरोबर मर्यादाहि दिली जाते.

आतां तिसरें दुकान पाहा. तें मुलांच्या हातांतील मोबाइलवर आहे. तेथें तलवारी व खटके दाबून उघडणारे चाकू झगझगीत चित्रांनिशीं दिसतात. त्यांत सुपारीहि नाहीं आणि व्रतहि नाहीं. आहे ती केवळ ऐट. वाढदिवसाचा केक तलवारीनें कापावयाचा, त्याचें चित्र चार लोकांत फिरवावयाचें आणि मग पोलीस ठाण्यांत बसावयाचें, असे प्रकार महाराष्ट्रांत वारंवार घडले आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचें हत्यार परवान्याच्या कक्षेंत येतें. घरकाम, शेती वा कारागिरी यांसाठीं घडविलेलीं अवजारें त्यांतून वगळलीं आहेत. कायदासुद्धां पातें कशासाठीं घडविलें हें विचारतो. मीं त्या दिवशीं तेवढेंहि विचारलें नव्हतें.

म्हणून पालकांस व शिक्षकबंधूंस माझी विनंति आहे. मुलाच्या खिशांत चाकू सांपडला तर आधीं त्याला एकीकडे घेऊन विचारा: हा कोठून आणलास, आणि यानें काय कापतोस? पाला, दोर, फळ असें उत्तर आलें तर धार कशी राखावी व बोटें कशीं जपावीं हें त्याला शिकवा, आणि शाळा सुटेपर्यंत तो आपल्यापाशीं ठेवा. उत्तर येईना, तर मात्र रागावण्यापूर्वीं त्याच्याजवळ बसा. ज्याला पात्याचा उपयोग सांगतां येत नाहीं, त्याला बहुधा कशाची तरी भीति वाटत असते.

तो मुलगा आतां मोठा झाला असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलेंच, तर गुरुजींची ती चूक त्यानें पोटांत घालावी.