तारेला न शिवणाऱ्या लोखंडाची परीक्षा

१९३० साली खडकीवरून दख्खनची राणी धावू लागली, तेव्हा तिला १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह मिळे. आज त्याच मार्गावरील तारांत २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आहे. हा फरक केवळ आकड्याचा नव्हे. प्रत्यावर्ती प्रवाहाची दिशा सतत पालटते. त्यामुळे तारेला न शिवताही, तिला समांतर असलेल्या लोखंडी कुंपणात विद्युतदाब निर्माण होतो. कुंपण लांबेल तसा तो वाढतो. म्हणून कुंपण, दिव्याचा खांब, शाळेचे फाटक यांना भूसंपर्क हवाच. परंतु जमिनीत पट्टी दिसली म्हणजे काम झाले, ही समजूत घातक! सांध्यावरील गंज, रंगाचा थरसुद्धा, तो संपर्क तोडू शकतो. सैल सांध्यातील ठिणग्यांनी रेडिओही खरखरतो. भूसंपर्काचा रोध परवानाधारक तंत्रज्ञाकडून उपकरणाने मोजून घ्यावा; कुंपण वाढविल्यास पुन्हा मोजावा.