काचेच्या पेटीतला समुद्र आणि त्याचे मीठ

समुद्राचे पाणी खारट असते ते मिठामुळे. तेव्हा गोड्या पाण्यात मीठ विरघळवले की समुद्राचे पाणी तयार होते, असा सरळ हिशेब बहुतेकांच्या मनात असतो. गोड्या पाण्यातील मासे पाळून हात बसल्यानंतर ज्यांना समुद्रातील रंगीत मासे, समुद्रफुले आणि प्रवाळ घरी ठेवण्याची हौस वाटू लागते, त्यांच्यापैकी काहींचा पहिला प्रयोग याच हिशेबावर फसतो. मासे काही काळ तग धरतात. प्रवाळ मात्र आपले मांसल भाग मिटून घेतो, रंग टाकतो आणि अखेरीस पांढरा सांगाडा तेवढा मागे उरतो. वर्षानुवर्षे वाढलेला जीव एका चुकीच्या पिशवीपायी जातो. म्हणून प्रवाळ-मत्स्यालयाचा विचार माशांपासून किंवा दिव्यांपासून नव्हे, तर पाण्यापासून आणि पाण्याचा विचार मिठापासून सुरू करावा लागतो.

एक किलो समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी क्लोराइड १९ ग्रॅमच्या थोडे वर आणि सोडियम पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातील मीठ ते एवढेच. उरलेल्या पाचेक ग्रॅमांत सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ ग्रॅम, कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम, आणि त्यानंतर बायकार्बोनेट, ब्रोमाइड, बोरॉन, स्ट्रॉन्शियम अशी मंडळी येतात. वजनाने हा भाग किरकोळ. पण प्रवाळाचा सारा संसार याच भागावर चालतो. पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन तो आपला सांगाडा बांधतो आणि मॅग्नेशियम पुरेसे असले, तर हे दोन्ही पदार्थ पाण्यातल्या पाण्यात चुनखडी होऊन खाली बसत नाहीत.

सुदैवाची गोष्ट अशी की, जगातील खुल्या समुद्रांत एकूण क्षार कमीअधिक झाले, तरी या घटकांचे परस्पर प्रमाण जवळजवळ सारखेच राहते. 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या सागरांतून गोळा केलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केले व १८८४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातून ही गोष्ट पक्की झाली. हे प्रमाण स्थिर नसते, तर समुद्राची पाककृती लिहिणेच अशक्य झाले असते.

मग समुद्राच्याच पाण्यापासून काढलेले मिठागराचे मीठ का चालू नये? हा प्रश्न कोकणच्या किनाऱ्यावर तरी हटकून विचारला जाईल. श्रोत्यांपैकी ज्यांनी उरणची किंवा भाईंदरची मिठागरे पाहिली असतील, त्यांना त्याचे उत्तर लगेच पटेल. आगरात घेतलेले पाणी उन्हाने आटू लागले की सर्वांत आधी चुन्याचा कार्बोनेट खाली बसतो; पुढे जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, बसते; आणि पाणी मूळच्या सुमारे एक-दशांशावर आले म्हणजे मिठाचे खडे धरू लागतात. हे मीठ ओढून घेतल्यावर जे कडवट पाणी मागे राहते, त्यात मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि ब्रोमाइड शिल्लक असतात. मिठागर हा मुळी समुद्रातून सोडियम क्लोराइड वेगळे काढण्याचाच कारखाना आहे. जेवणासाठी ते उत्तम. कडू क्षार मिसळलेले मीठ कोणी खाल्ले नसते. पण प्रवाळाला ज्याची गरज, ते सारे कुंडीच्या तळाशी किंवा कडवट पाण्यात राहून गेलेले असते. बाजारातील पुडीच्या मिठात तर आयोडीनयुक्त क्षार आणि गुठळी न व्हावी म्हणून घातलेले पदार्थही असतात. 'समुद्री मीठ' हे नाव पाहून भुलण्याचे कारण नाही.

कृत्रिम समुद्रजलाची कल्पना मिठाच्या आजच्या पिशव्यांहून बरीच जुनी आहे. समुद्रापासून दूर असलेल्या लंडनमध्ये सागरी प्राणी ठेवण्याची हौस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पसरली, तेव्हा पाणी किनाऱ्यावरून वाहून आणणे खर्चाचे होते. फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने १८५४ मध्ये चार क्षारांची एक कृती प्रसिद्ध केली. साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड हे ते चार क्षार. चुन्याचे क्षार त्याने वगळले होते. लंडनच्या पाण्यात मुळात थोडा चुना असतो आणि समुद्रफुलांना सांगाडा नसतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे काम चार क्षारांत का भागले, ते समजते. खरा प्रवाळ ठेवावयाचा असता, तर एवढ्यावर निभावले नसते.

प्रवाळखडकाचा तुकडा काचेच्या पेटीत जिवंत ठेवण्याची वाट पुढे शंभरेक वर्षांनी जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी दाखविली. जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ताजे समुद्रजल एवढ्यावर त्यांनी आपली मत्स्यालये चालविली व १९६१ मध्ये आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. त्यांना स्वच्छ उष्ण कटिबंधीय समुद्र हाताशी होता. तो ज्यांच्या हाताशी नाही, अशा युरोप-अमेरिकेतील शहरांत ही कला पुढे वाढली ती तयार मिश्रणांच्या बळावर. मुंबईसारख्या शहराला समुद्र लागून आहे खरा. पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी मिसळते, गाळ असतो, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या गोड्या पाण्याने त्याची लवणता उतरते. चौपाटीवरून भरून आणलेली कळशी म्हणजे फुकटचे पाणी. पण प्रवाळाला ते महागात पडते.

येथे कायद्याची बाजू स्पष्ट केली पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळांचा समावेश झाला. आपल्या समुद्रातील प्रवाळ तोडणे, विकणे किंवा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. मृत तुकडाही त्याला अपवाद नाही. १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या मालवणच्या पाण्यातील प्रवाळ तर पाहण्यासाठी आहेत, उचलण्यासाठी नव्हेत. परदेशी प्रवाळांचा व्यापारही आंतरराष्ट्रीय परवान्यांनी बांधलेला आहे. त्यामुळे घरगुती प्रवाळ-मत्स्यालय ही मुख्यतः ज्या देशांत कलमे करून वाढविलेले प्रवाळ रीतसर मिळतात, तेथील हौस आहे, आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ती मोकळेपणी करता येते. भारतात ज्यांना समुद्रजलाची पेटी ठेवावयाची असेल, त्यांनी बंदिस्त प्रजननातून आलेल्या विदूषक माशासारख्या माशांवर समाधान मानावे, हे इष्ट. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने अशा माशांची पैदास साधलेली आहे. पाण्याचे शास्त्र मात्र दोन्हीकडे एकच.

मिश्रण निवडताना पिशवीवरील चित्रे न पाहता तीन आकडे पाहावेत: कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कता. समुद्रात दर लिटरला कॅल्शियम ४१० ते ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे १,३०० मिलिग्रॅम आणि अल्कता जर्मन अंशांत सुमारे ७ असते. काही मिश्रणे या आकड्यांच्या जवळ राहतात, तर काहींत अल्कता ११-१२ पर्यंत चढविलेली असते. वेगाने वाढणाऱ्या दगडी प्रवाळांनी पेटी भरलेली असेल, तर चढविलेले मिश्रण त्यांची रोजची खर्ची काही अंशी भरून काढते. पोषकद्रव्ये फार कमी असलेल्या पेटीत मात्र चढ्या अल्कतेने प्रवाळांची टोके जळाल्यासारखी होतात, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. हे आकडे किती लवणतेला दिले आहेत, तेही वाचावे. ३३ च्या लवणतेचे आकडे ३५ च्या आकड्यांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. सर्वांत महाग मिश्रण ते सर्वांत चांगले, हाही एक भ्रम आहे. पेटीतील पाण्याशी जुळणारे आणि पिशवीगणिक न बदलणारे मिश्रण खरे उपयोगाचे.

जुळण्याचे महत्त्व एका हिशेबाने कळेल. पेटीतील अल्कता ८ आणि नव्या पाण्याची ११ असेल, तर दहा टक्के पाणी बदलल्यावर ती ८.३ होते, याचे भय नाही. पण आळसाने महिनोन्‌महिने पाणी न बदलता एके दिवशी निम्मे पाणी बदलले, तर ती एकदम ९.५ वर जाते. प्रवाळ उंच अल्कतेत राहू शकतो, सखल अल्कतेतही राहू शकतो. एका तासात एकीतून दुसरीत गेलेले त्याला सोसत नाही.

आता पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात चुना, नायट्रेट आणि सिलिका असू शकतात. म्हणून आर.ओ. यंत्रातून काढून नंतर आयन-विनिमय राळेतून गाळलेले, विरघळलेल्या क्षारांचे माप शून्य दाखविणारे पाणी घ्यावे. पिण्याच्या पाण्यासाठी घरोघर असलेल्या आर.ओ. यंत्रांपैकी अनेकांत चवीसाठी थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळण्याची सोय असते; ते पाणी या कामाचे नाही. आणखी एक सावधगिरी अशी की तांब्या-पितळेचे भांडे पूर्ण वर्ज्य करावे. तांब्याच्या हंड्यातील पाणी माणसाला हितकर मानले जाते, परंतु प्रवाळ, कोळंबी, शंख यांना तांब्याचा अल्प अंशही घातक ठरतो. खाद्यपदार्थांसाठी वापरतात तसले प्लॅस्टिकचे पिंप सर्वांत बरे.

कालवण्याची रीत सोपी आहे, पण तिचा क्रम उलटा करता येत नाही. आधी पाणी, मग मीठ. पिंपात मीठ ओतून वरून पाणी सोडले, तर सुरुवातीच्या दाट द्रावणात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना गाठतात आणि पांढरा साका होऊन बसतात. तो पुढे कितीही ढवळले तरी विरघळत नाही. ज्यासाठी पैसे मोजले, तेच तळाशी जाते. पाणी २५ अंश सेल्सियसच्या आसपास असावे. ते फार तापवू नये, कारण चुनखडी गरम पाण्यात अधिकच बसते. लहान पंप लावून पाणी फिरते ठेवावे आणि मीठ थोडेथोडे सोडावे. किती वेळ फिरवावे, याबाबत मिश्रणा-मिश्रणांत फरक आहे. उत्पादकाने छापलेली सूचना येथे पाळावी. पाणी नितळ झाल्याखेरीज ते पेटीत जाऊ नये.

प्रमाण लिटरला ३५ ग्रॅम धरले, तर लवणता थोडी कमी भरते. याचे कारण मिश्रणातील काही क्षार स्वतःत पाणी बाळगून असतात. स्फटिकरूप मॅग्नेशियम क्लोराइडचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेच असते. म्हणून लिटरला ३६ ते ४० ग्रॅम मीठ लागते. ते वाटीने न मोजता वजनाने घ्यावे. दर आठवड्यास २० लिटर पाणी बदलणाऱ्यास साधारण पाऊण किलो, म्हणजे वर्षाकाठी ३९ किलो मीठ लागेल. हौस सुरू करण्यापूर्वी हा आकडा घरात सांगून ठेवलेला बरा.

लवणता मोजण्यास तरकाटा किंवा रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. ३५ लवणतेच्या पाण्याची सापेक्ष घनता २५ अंशांस १.०२६४ येते. तरकाटा तापमानाप्रमाणे फसवतो. रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य दाखवीत असला, तरी ३५ वर बरोबर असेलच असे नाही. त्याची परीक्षा घरीही होते. ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळविले, तर त्या द्रावणाचा वक्रीभवनांक ३५ लवणतेच्या समुद्रजलाएवढा असतो. या द्रावणावर यंत्राने ३५ दाखविले पाहिजे. साधे मीठ समुद्र नव्हे, परंतु समुद्र मोजणाऱ्या यंत्राला शिस्त लावण्यापुरते ते कामी येते.

पिशवी उघडल्यानंतरची काळजी आपल्या हवेत विशेष महत्त्वाची. मॅग्नेशियम व कॅल्शियमचे क्लोराइड हवेतील ओल ओढून घेतात. कोकणात जून ते सप्टेंबर उघडी राहिलेली पिशवी दगड होते, आणि त्या ओलीत बायकार्बोनेट व कॅल्शियम यांची आतल्या आत गाठ पडून अल्कता घटते. घट्ट झाकणाच्या डब्यात मीठ ठेवावे. प्रवासात जड-हलके कण वेगळे होतात. म्हणून वापरण्यापूर्वी डबा लोळवून घ्यावा किंवा लहान पिशवी आणून ती एकाच वेळी संपवावी.

पेटीतील पाणी रोज आटते. आटते ते केवळ पाणी, क्षार जागच्या जागी राहतात. तेव्हा भर घालावयाची ती गोड्या शुद्ध पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. नाही तर पेटीचे हळूहळू मिठागर होते. बदलताना काढलेले पाणी कुंडीतील झाडांना घालू नये, ती वाळतील. त्यात शेवाळ, गोगलगायी किंवा प्रवाळाचे तुकडे असतील, तर ते पाणी खाडीत किंवा समुद्रात न ओतता जीव वेगळे काढून मगच मोरीत सोडावे.