उभी गाडी आणि उंदीरमामा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



अंजूर हे नाव घेतले की इतिहासाची आवड असलेल्या माणसाला गंगाजी नाईक अंजूरकर आठवतात, चिमाजीअप्पांची वसईची मोहीम आठवते, १७३९ साल आठवते. मी गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारा माणूस. मला अंजूर म्हटले की दिवाळीनंतरची गिऱ्हाइके आठवतात. कुणाचा टेम्पो, कुणाचा ट्रॅक्टर, कुणाच्या परदेशी गेलेल्या मुलाची मोटार. तक्रार एकच. गाडी बरेच दिवस उभी होती, आता चावी फिरवली तर चालू होत नाही. बॉनेट उघडावे तर इंजिनावर पेंढ्याची आणि चिंध्यांची मऊ गादी अंथरलेली असते, शेजारी वालाची फोलपटे आणि काळ्या लेंड्या. गणपतीबाप्पाचे वाहन आपल्या वाहनात बिऱ्हाड करून बसलेले असते!

हसण्यावारी नेण्याचा हा विषय नाही, हे पुढे कळेलच. आधी हे बिऱ्हाड आपल्याच गाडीत का येते ते पाहू.

अमेरिका-कॅनडासारख्या थंड मुलखात लोक आपल्या हौशीच्या गाड्या हिवाळाभर कोठारात लावून ठेवतात. बाहेर बर्फ, त्यामुळे रानातले उंदीर उबेसाठी गाडीत शिरतात. आपल्याकडे थंडीचे एवढे कौतुक नाही. आपल्या उंदरांचे पंचांग भाताच्या खाचराशी बांधलेले आहे. अंजूर, अंजूरदिवे, काल्हेर, कशेळी, वळ, माणकोली हा सगळा उल्हास खाडीच्या अंगाचा पट्टा. खाचरांच्या आणि खाजणाच्या बांधांत उंदरांची आणि घुशींची बिळे असतात. मृगाचा पाऊस लागला आणि खाचरे भरली की बिळांत पाणी जाते. मग ही मंडळी उंच आणि कोरडी जागा शोधत गावाकडे सरकतात. ही पहिली धाड. दुसरी धाड कापणीनंतर, म्हणजे आश्विन-कार्तिकात. इतके दिवस शेतात पोटभर लोंब्या होत्या, आडोसा होता. विळा लागला आणि चार दिवसांत दोन्ही गेले. भारे खळ्यावर आले, मळणी झाली, पेंढ्याची उडवी घराशेजारी रचली गेली. धान्यामागून उंदीरही आला, आणि उडवीला लागूनच आपण गाडी उभी केलेली असते.

आता तर खाचरांच्या मधोमध गोदामे उभी राहिली आहेत. अंजूरफाट्याच्या दोन्ही अंगांना जिथे पाहावे तिथे पत्र्याच्या शेड आणि मालाची वाट पाहत उभे असलेले ट्रक. शेतातून गोदामात, गोदामातून ट्रकमध्ये, अशी उंदरांची ये-जा बाराही महिने चालू राहते.

उंदराच्या बाजूने विचार करून पाहा. त्याला अंधार हवा, कोरडी जागा हवी, चारी बाजूंनी आड हवी, आणि मुख्य म्हणजे रोज कुणी हलवणारे नको. उभी गाडी यातल्या प्रत्येक गोष्टीला उतरते. गाडी पोखरावी असा त्याचा काही हेतू नसतो. त्याला घर हवे असते आणि घर करताना तो मध्ये येईल ते कुरतडतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे तोंड स्वस्थ बसत नाही. घरात दिसणारे लहान उंदीर पाव इंचाच्या, म्हणजे जेमतेम पेन्सिल जाईल एवढ्या, भोकातून आत येतात. मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-सहा पिल्ले होतात. पितृपक्षात आलेली जोडी दिवाळीपर्यंत किती होईल, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

जुन्या ट्रॅक्टरला तारा त्या किती? बॅटरी, स्टार्टर, दिवे, हॉर्न. उंदराने एखादी तोडलीच तर तासाभरात जोडून व्हायची. एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या. आता इंजिनाच्या अंगावर जागोजाग सेन्सर असतात आणि केसासारख्या बारीक तारांचे जुडगे असते. एक तार तुटली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि गाडी नीट ओढत नाही. त्याच वर्षीच्या टाळेबंदीत लाखो गाड्या महिनोन्‌महिने जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा शहरातल्या इमारतींखालच्या गाड्यांनीही हा अनुभव घेतला. खेड्यातला रोग शहरात गेला म्हणा ना.

पण तारेचा खर्च परवडला, असे म्हणायची पाळी आणणाऱ्या दोन गोष्टी आहेत. उंदीर रबरही कुरतडतो. पेट्रोलची रबरी नळी दातांनी अर्धवट सोलली गेली, तर गाडी उभी असताना कळतही नाही. चालू केली, दाब आला की तिथून पेट्रोलची चिळकांडी उडते. दुसरी गोष्ट घरट्याची. वाळका पेंढा, कापूस, कागद हे सगळे सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापत्या नळीवर रचलेले असते. शेजारी सोललेल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर आगपेटी आणि सरपण एकाच जागी ठेवल्यासारखे होते. म्हणून गाडी बरेच दिवस उभी असेल तर चावी लावायच्या आधी बॉनेट उघडावे. या एका सवयीसाठी माझे बाकीचे भाषण विसरलात तरी चालेल.

आता उपायांकडे वळू. घरोघरी ऐकलेला उपाय म्हणजे तंबाखूची पाने. बॉनेटखाली तंबाखूची जुडी बांधलेल्या किती गाड्या पाहिल्या, त्याची गणती नाही. कुणी डांबरगोळ्या टाकतो, कुणी कापूर, कुणी फिनेलचे फडके. यांत तथ्य अजिबात नाही असे नाही. वास ताजा आणि उग्र असतो तोवर नवखा उंदीर जरा बिचकतो. पण पावसाळी हवेत वास आठवड्यात मवाळ होतो आणि उंदराच्या नाकाला त्याची सवय होते. तंबाखूच्या पानाचा अंथरुणासारखा उपयोग केलेले घरटे मी हातात घेऊन पाहिले आहे. डांबरगोळ्यांचा वास मात्र उंदीर गेला तरी जात नाही. तो एसीच्या वाऱ्यातून माणसांच्या आणि लहान मुलांच्या नाकात जातो, आणि प्रकृतीला तो चांगला नाही. कानाला ऐकू न येणारा आवाज करणारी यंत्रे बाजारात मिळतात. त्यांच्या आवाजालाही उंदीर हळूहळू सरावतो. होंडा कंपनीने तारांवर गुंडाळायची, मिरचीचा तिखटपणा घातलेली एक चिकटपट्टी काढली आहे. ही कल्पना मला त्यातल्या त्यात पटते, कारण उंदराने दात लावला की त्याला शिक्षा तिथल्या तिथे मिळते. पण सगळ्या गाडीला पट्टी गुंडाळणार कोण?

विषाबद्दल स्पष्ट बोलतो. गाडीत विष ठेवू नका. झिंक फॉस्फाईड हे शेतातले विष आहे आणि ते शेतातही जाणकाराच्या सल्ल्यानेच वापरायचे असते. उंदीर त्याच्या आमिषाला एकदा ओळखतो आणि मग शिवत नाही. म्हणून आधी दोन दिवस नुसते धान्य ठेवून त्याचा विश्वास मिळवावा लागतो. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवसांनी रक्तस्राव होऊन मरतो. तो पाणी प्यायला बाहेर जातो आणि बाहेरच मरतो, ही समजूत चुकीची आहे. बहुतेकदा तो आपल्या घरट्यात मरतो, आणि घरटे असते डॅशबोर्डच्या आत, जिथे माणसाचा हात पोहोचत नाही. मग मागाहून डॅशबोर्ड खोलण्याची मजुरी द्या आणि महिनाभर वास सहन करा. विषाने सुस्तावलेला उंदीर घारीने, मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला तर तेही जाते. रात्रीत दोन-तीन उंदीर फुकट टिपणारा राखणदार आपल्याच हाताने मारायचा, यापेक्षा वाईट सौदा कोणता?

मग करायचे काय? जे गाडीत नको ते गाडीजवळही ठेवायचे नाही, इथून सुरुवात. उडवी, सरपण, भाताच्या गोणी आणि गाडी यांत चांगले अंतर हवे. भिंतीपासूनही तीन-चार फूट जागा मोकळी ठेवा, कारण उंदीर उघड्यावरून जायला भितो, भिंतीच्या कडेने जातो. खालचे गवत काढून जमीन चोपून घ्या. ताडपत्रीची एक गंमत आहे. गाडी नीट राहावी म्हणून आपण ती चहूबाजूंनी जमिनीपर्यंत सोडतो आणि कडेला दगड ठेवतो. उंदरासाठी हा आयता मांडवच झाला. ताडपत्री चाकांच्या वरपर्यंतच ठेवा, खालून वारा आणि उजेड जाऊ द्या. बंद शेडमध्ये गाडी असेल आणि चोरीची धास्ती नसेल, तर बॉनेट उघडे ठेवणे उत्तम. उजेड आला की त्या जागेची गोडी जाते.

गाडीच्या आतली झाडलोट बायकांवर सोपवू नका, स्वतः करा. सीटखालचे चिवड्याचे दाणे, पोरांच्या बिस्किटांचा भुगा, सगळे निघाले पाहिजे. आमच्या भागात डिकीतून सुकट-बोंबील आणण्याचा रिवाज आहे. मासळी घरात गेली तरी डिकीच्या गालिच्यात वास राहतो आणि उंदराला तो दुरून लागतो. साबणाच्या पाण्याने धुऊन दोन उन्हे दाखवा. आणि दसरा! खंडेनवमीला गाडी धुऊन, हार घालून, नारळ वाढवून आपण पूजा करतो. प्रसादाचे खोबरे, लाह्या, अक्षता बॉनेटच्या खोबणीत अडकतात आणि पुढच्याच पंधरवड्यात कापणी सुरू होते. उंदराला याहून वेळेवर आमंत्रण कोणी देत नसेल. पूजा मनोभावे करा, पण हार दुसऱ्या दिवशी उतरवा आणि खोबणी पुसून काढा.

गाडी महिना-दोन महिने हलणारच नसेल, तर पाव इंची तारेच्या जाळीचा तुकडा कापून हवा आत घेणाऱ्या तोंडाला आणि सायलेन्सरच्या नळीला बांधा. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडून ठेवा. त्यामुळे बॅटरी लवकर उतरत नाही आणि सोललेल्या तारांत वीजच नसल्याने आगीचे भय जाते. जाळी बांधली याची आठवण म्हणून स्टिअरिंगला लाल फडके बांधा. गाडी लावणारा एक आणि महिन्यांनी काढणारा दुसराच, असे घरोघरी होते.

सर्वांत स्वस्त औषध मात्र गाडी हलवणे हेच. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे ती रस्त्यावर फिरवा. जागच्या जागी पाच मिनिटे घरघर करून बंद केली तर उपयोग थोडा, आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठते ते वेगळेच. मुलगा दुबईला असेल तर चावी शेजाऱ्याकडे द्या. तो चार वेळा आपल्या कामाला गाडी नेईल, नेऊ द्या! वायरिंगच्या खर्चापेक्षा ते स्वस्त पडते.

यातूनही एखादा आला, तर भिंतीच्या कडेला चाप लावा. खोबऱ्याचा भाजलेला तुकडा किंवा बोंबलाचे शेपूट हे चापासाठी चांगले आमिष. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर नेऊन पलीकडच्या आळीत सोडणारे पापभीरू लोक आहेत. त्यांच्या आळीत कोण आणून सोडते, हे त्यांनी कधीतरी तपासावे.

आता उभी गाडी पुन्हा बाहेर काढायचा दिवस. जिथे उंदीर तिथे त्याच्या मागावर साप, हे शेतकऱ्याला सांगायला नको. बॉनेटखाली थेट हात घालू नका. आधी काठीने बॉनेटवर ठोका, मग दूर उभे राहून उघडा, विजेरीने पाहा. बहुतेकदा धामण असते. ती बिनविषारी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे. पण भातशेतीच्या मुलखात नाग आणि घोणसही असतात, तेव्हा ओळखण्याची हौस बाजूला ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा.

घरटे कोरड्या झाडूने झाडू नका. लेंड्या-मुताची धूळ नाकात जाते. अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानात २०१२ साली तंबूंत राहिलेले पर्यटक उंदरांमार्फत पसरणाऱ्या हंटा विषाणूने दगावले होते. आपल्याकडे भीती लेप्टोस्पायरोसिसची. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई-ठाण्याने ती पाहिली. उंदराच्या मूत्रातले जंतू ओल्या जागेत टिकतात आणि हातापायाच्या जखमेतून अंगात शिरतात. म्हणून रबरी हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा, जंतुनाशकाचे पाणी शिंपडून दहा मिनिटे थांबा आणि ओल्या फडक्याने सगळे उचला. काम झाल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना उंदरांची घाण काढल्याचे आवर्जून सांगा. हे आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसे?

मग जाळ्या काढा, एअर फिल्टरची पेटी उघडून आत पाहा, पेट्रोलची नळी आणि चाकांजवळच्या ब्रेकच्या रबरी नळ्या बोटाने चाचपा. पेट्रोलचा वास आला तर बॅटरीची तार जोडूच नका, मिस्त्रीला तिथेच बोलवा. सगळे ठीक असेल तर तार जोडा, गाडी चालू करा आणि बॉनेट उघडे ठेवून पाच मिनिटे शेजारी उभे राहा. आग विझवण्याची नळकांडी जवळ असावी, नसेल तर घमेलेभर कोरडी वाळू. ब्रेक दाबून पाहा. पायडल खोल गेले तर गाडी दाराबाहेर काढू नका.

विम्याबद्दल नेहमी विचारतात. नुसता तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक पैसाही मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात उंदराचे नुकसान धरले आहे की नाही, हे कंपनीगणिक बदलते. कागद आताच काढून वाचा, आणि तार तुटलेली दिसली तर दुरुस्तीला हात लावण्याआधी फोटो काढून कंपनीला कळवा. जोडलेली तार दाखवून दावा मागायला आलेल्या माणसाला कंपनी काय उत्तर देते, ते सांगायला नकोच.