विमानाचं मुक्काम पोस्ट

आपल्याकडे पत्ता लिहिताना आधी 'मु. पो.' लिहायची रीत आहे. माणूस दिवसभर कुठंही हिंडो, रात्री जिथं पाठ टेकतो ते त्याचं मुक्काम, असा त्यामागचा साधा हिशेब. युरोपातल्या स्वस्त विमान कंपन्या समजून घ्यायच्या तर हाच हिशेब कामी येतो. तिकीट इतकं स्वस्त कसं, असं सगळेच विचारतात. मी म्हणेन, आधी विचारा, की यांचं विमान रात्री मुक्कामाला कुठं असतं?

पूर्वी युरोपातलं आकाश सरकारांनी आपसांत वाटून घेतलं होतं. दोन देश करार करायचे आणि कुणाची विमानं, किती फेऱ्या, काय भाडं, हे बहुतेक त्यातच ठरायचं. या व्यवस्थेच्या फटीतून 1985 मध्ये आयर्लंडच्या रायनएअरचं पहिलं विमान उडालं. अवघ्या 15 आसनांचं, वॉटरफर्डहून लंडनजवळच्या गॅटविकला जाणारं. पुढच्याच वर्षी डब्लिन ते ल्युटन सेवा सुरू झाली आणि जुन्या कंपन्यांच्या साधारण निम्म्या भाड्यात लोक जाऊ लागले. इंग्लंडात राबणारा आयरिश माणूस तोवर रेल्वे आणि बोटीत रात्र काढून गावी जायचा. तो आता विमानात बसला.

नुसतं भाडं कमी करून कंपनी चालत नाही. रायनएअरही आधी तोट्यातच होती. तेव्हा मायकल ओ'लिअरी अमेरिकेत जाऊन टेक्सासच्या साउथवेस्ट कंपनीचा कारभार पाहून आले. तिथला पहिला धडा असा, की ताफ्यात विमान एकाच जातीचं ठेवा. मग वैमानिक कोणत्याही विमानावर बसू शकतो, मेकॅनिकला एकच इंजिन शिकावं लागतं, सुटे भागही एकाच प्रकारचे लागतात. आज रायनएअर समूहाकडे 600 हून अधिक विमानं आहेत आणि थोडी सोडली तर सगळी बोइंग 737. ग्रीक-सायप्रियट घराण्यातले स्टेलिओस हाजी-इओआनू यांनी 1995 मध्ये ईझीजेट काढली. ल्युटनहून स्कॉटलंडला जायचं भाडं 29 पौंड, आणि विमानाच्या अंगावर आरक्षणाचा फोन नंबर भल्या मोठ्या नारिंगी आकड्यांत रंगवलेला! तिचा ताफा आज एअरबसचा आहे, हंगेरीच्या विझएअरचाही तसाच.

दुसरा धडा मुक्कामाचा. कंपन्या ज्याला 'बेस' म्हणतात, त्याला एसटीच्या भाषेत आगार म्हणता येईल. आपल्याकडे लांबच्या गावी मुक्कामी गाडी असते. चालक-वाहक रात्री तिथंच झोपतात, सकाळी गाडी परत आणतात. स्वस्त विमान कंपनी मुक्कामी गाडी शक्यतो ठेवतच नाही. सकाळी सहाच्या सुमाराला विमान आगारातून निघतं, दिवसभर ये-जा करतं आणि रात्री त्याच आगारात परत येतं. वैमानिक आणि हवाई सेवक आपापल्या घरी झोपतात, हॉटेलचा खर्च वाचतो. मधल्या थांब्यावर विमान जमिनीवर असतं साधारण 25 मिनिटं. तेवढ्यात उतारू उतरायचे, कचरा उचलायचा, नवे चढायचे. उभं विमान कमवत नाही, हे त्यांचं व्यवहारज्ञान.

ही गणितं खऱ्या अर्थानं फळाला आली ती कायदा बदलल्यावर. 1993 पासून युरोपीय संघानं टप्प्याटप्प्यानं दारं उघडली आणि एप्रिल 1997 पासून संघातल्या कोणत्याही देशाची कंपनी दुसऱ्या देशाच्या अंतर्गत मार्गावरही उडू शकते असं झालं. आयरिश कंपनी इटलीतल्या दोन शहरांमध्ये फेऱ्या मारू लागली. मोठे विमानतळ महाग आणि गर्दीचे, म्हणून आडगावचे शोधले गेले. पॅरिससाठी 80 किलोमीटरवरचं बोव्हे, मिलानसाठी बर्गामो. फ्रँकफुर्टच्या नावानं विकलं गेलेलं हान तर शहरापासून सुमारे 120 किलोमीटरवर, डोंगराळ भागातला अमेरिकेचा जुना लष्करी हवाई तळ.

यानं माणसांचं काय झालं? मे 2004 मध्ये पोलंड, हंगेरीसह दहा देश संघात आले. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी त्यांच्या कामगारांना लगेच दारं उघडली. त्याच महिन्यात विझएअरचं पहिलं विमान पोलंडच्या कातोवित्सेहून ल्युटनला गेलं. परदेशी गेलेला माणूस म्हणजे वर्षानुवर्षांचा विरह, ही आपल्या ओव्यांपासून चालत आलेली गोष्ट. इथं ती बदलली. लंडनमध्ये भिंती रंगवणारा पोलिश कामगार मुलाच्या वाढदिवसाला घरी जाऊन सोमवारी कामावर परत येऊ शकतो. हे लहानसहान काम नाही. स्वस्ताईला नाकं मुरडणाऱ्यांनी ते विसरू नये.

पण त्याला घरी पोचवणाऱ्या विमानातल्या माणसांचं घर कुठलं, हा प्रश्न एकदा न्यायालयापर्यंत गेला. बेल्जियममधलं शार्लरुआ हे रायनएअरचं युरोपच्या मुख्य भूमीवरचं पहिलं आगार, 2001 मधलं. तिथल्या काही हवाई सेवकांचे करार आयरिश कायद्याखालचे. तळापासून तासाभराच्या अंतरात राहायची सक्ती, पहाट उजाडते तिथं, रात्री परतायचं तिथं. वाद झाला तेव्हा कंपनीचं म्हणणं असं, की विमानाची नोंदणी आयर्लंडची, म्हणजे काम आयर्लंडमध्ये, सबब दाद तिथं मागा. 14 सप्टेंबर 2017 रोजी युरोपीय न्यायालयानं सांगितलं, की विमानाचं राष्ट्रीयत्व म्हणजे कामाचं ठिकाण नव्हे. ते ठरवताना माणूस रोज जिथून कामाला निघतो आणि जिथं परततो, त्या तळाला मोठं वजन द्यावं लागेल. आपल्या भाषेत सांगायचं, तर न्यायालयानं त्या माणसांना त्यांचं मुक्काम पोस्ट दिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रायनएअरनं प्रथमच कामगार संघटनांना मान्यता देण्याची तयारी दाखवली.

शब्दांत रमणारा माणूस म्हणून मला 'विमानतळ' या शब्दातला 'तळ' विचार करायला लावतो. तळ फौजेचा असतो, फिरस्त्यांचा असतो. तो ठोकतात आणि हलवतातही. गिरणीला भिंती असतात, ती रातोरात उचलून नेता येत नाही. विमानांचं आगार मात्र पंखांवर असतं. विमानतळाचे दर वाढले म्हणून रायनएअरनं मार्च 2022 मध्ये फ्रँकफुर्टच्या मुख्य विमानतळावरची आपली पाच विमानं हलवली. डेन्मार्कनं विमान प्रवासावर कर बसवला, तेव्हा मार्च 2025 च्या अखेरीला बिलुंड, म्हणजे लेगोच्या खेळण्यांचं गाव, तिथलं आगार उठलं. विमानांना दुसरं गाव मिळतं. पण त्या तळाच्या भरवशावर घर घेतलेला, मुलं शाळेत घातलेला माणूस? त्याला बदलीचा कागद मिळतो किंवा नवी नोकरी शोधावी लागते. म्हणूनच गावंच्या गावं या कंपन्यांची मनधरणी करतात. शार्लरुआत मिळालेल्या सवलतींवरून तर युरोपीय आयोग आणि कंपनी यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालला.

रस्ता बांधला की तो राहतो. उद्या एखादी गाडी बंद झाली, तरी दुसरी त्यावरून जाते. हवाई मार्ग म्हणजे वेळापत्रकातली एक ओळ. ती पुसली की खाली खूणही उरत नाही. तिकिटाचा कमी दर आणि कधीही उठून जायची ही मोकळीक, दोन्ही एकाच वहीत मांडलेले आकडे आहेत. पहिला प्रवाशाच्या नावे जमा होतो. दुसरा कोणत्या गावाच्या, कोणत्या माणसाच्या खात्यावर खर्ची पडतो, तेही वाचलं पाहिजे. तसं वाचलं तर स्वस्त प्रवासाचं मोल कमी होत नाही, फक्त त्याची पूर्ण किंमत कळते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)