पाच सागरगोटे

आम्ही त्र्यंबकेश्वरच्या आसपासच्या पाड्यांवरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. भांडी घासत असाल तर घासा, तांदूळ निवडत असाल तर निवडा, पण कान जरा इकडे द्या.

गेल्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि आमच्यातल्या एका आक्कांनी पदराची गाठ सोडून पाच सागरगोटे काढले. नातीसाठी आणले म्हणाल्या. मग काय विचारता! गुडघे दुखतात म्हणून एरवी खुर्ची मागणाऱ्यासुद्धा खाली फतकल मारून बसल्या.

लहान मुलींनो, तुमच्यासाठी सांगतो. सागरगोटा म्हणजे गजग्याची बी. काटेरी वेलाची काटेरी शेंग, तिच्यात गोटीएवढी, राखाडी, दगडासारखी टणक बी. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा एक उचलायचा आणि उडवलेला झेलायचा. मग दोन-दोन, मग तीन, मग चारही एकदम. दुसऱ्याला धक्का लागला की बाद. आणि खोडी काढायची असली की तोच सागरगोटा दगडावर खसाखसा घासून तापवायचा आणि शेजारणीच्या हाताला टेकवायचा. असा चटका बसायचा!

आमच्याकडे पाऊस चार-चार महिने हटत नाही. ब्रह्मगिरी ढगात बुडालेला, अंगणात चिखल. मग खेळ घरातलेच. चिंचोके फोडून त्यांचे फासे करायचे, जमिनीवर कोळशाने पट आखायचा. पोळ्याला चिखलाचे बैल. करवंटीचा तराजू, पानांची भाकरी, भातुकलीचा संसार. बोहाडा बघून आलो की आठ दिवस पुठ्ठ्याचे मुखवटे लावून एकमेकींना घाबरवायचो. विकतचं खेळणं मिळायचं ते वर्षातून एकदा, पौषातल्या निवृत्तिनाथांच्या यात्रेत. दिंड्या यायच्या, टाळ-मृदंग घुमायचा, आणि आमचं सगळं लक्ष पिपाणी नाहीतर भिंगरीकडे. पिपाणी घरी पोहोचेपर्यंत टिकली तर नशीब!

पुस्तकं थोडी होती. शाळेच्या कपाटात ‘चांदोबा’ आणि ‘किशोर’चे जुने अंक होते. ‘किशोर’ हे बालभारतीचं मासिक, १९७१ साली सुरू झालेलं. एकेक अंक इतक्या हातांतून जायचा की मुखपृष्ठ गळून पडायचं. शेवटची पानं नसली की गोष्टीचा शेवट आम्हीच जुळवायचो.

आणि रेडिओ! सगळ्या पाड्यात एकच, चामडी पिशवीतला. त्या काळी रेडिओला परवाना लागायचा, त्याची फी पोस्टात भरावी लागायची. पावसाळ्यात सेल मऊ पडले की आवाज घोगरा व्हायचा. मग ते चुलीजवळ नाहीतर उन्हात ठेवून आणखी दोन दिवस ओढायचे. बातम्या लागल्या की पुरुष ओटीवर आणि आम्ही आईबरोबर दाराआड. मुंबई आकाशवाणीवर बायकांसाठी ‘वनिता मंडळ’ लागायचं, पण दुपारी. तेव्हा आया आवणीला चिखलात वाकलेल्या. आणि घरी असल्या तरी रेडिओचं बटण पिळायचं धाडस कुणाला होतं? त्याला हात लावला की ओरडा ठरलेला.

असं बोलता बोलता हसून हसून पोटं दुखली. तेवढ्यात आक्कांची नात म्हणाली, “आजी, तू खेळणं कधी सोडलंस?”

सगळ्या गप्प झाल्या. मग एकेकीने सांगितलं. एक म्हणाली, भाऊ झाला आणि तो माझ्या कडेवर आला, तेव्हा मी आठ वर्षांची. दुसरी म्हणाली, मोठी बहीण सासरी गेली आणि तिचा हंडा माझ्या डोक्यावर आला. गोदावरी आमच्या उशाशी उगम पावते, पण वैशाखात आम्ही झऱ्यावर रात्र काढून वाटीवाटीने पाणी भरायचो. तिसरीचं लग्न चौदाव्या वर्षी झालं. तिने सागरगोटे लुगड्यात बांधून सासरी नेले होते. सासूने ओहोळात फेकले. हे सांगताना ती हसत होती, पण डोळे पुसत होती.

आमचे भाऊ मात्र मिसरूड फुटेपर्यंत विटीदांडू आणि आट्यापाट्या खेळत होते.

तेव्हा आमच्या ध्यानात आलं की आम्ही सागरगोट्यात एवढ्या तरबेज का. मांडीवर लहानगं निजवून, चुलीवरच्या भातावर डोळा ठेवून, बसल्या जागी खेळता येतो असा तो खेळ. हाक आली की पाचही मुठीत घेऊन उठायचं. आम्हाला खेळायला वेळ कुणी दिला नव्हता, आम्ही तो कामाच्या फटीतून काढला.

आता घरात मोबाइल आहे. पण तो असतो मुलाच्या हातात, आणि त्याच वेळी मुलगी भांडी घासत असते. मैत्रिणींनो, खरं सांगा, तुमच्याकडे वेगळं आहे का? रेडिओ गेला, मोबाइल आला, पण मुलगी अजून दाराआडच. आणि आता तिला दाराआड ठेवणाऱ्या आपणच.

म्हणून आमच्या गटाने दोन गोष्टी ठरवल्या. संध्याकाळी एक तास पाड्यावरच्या मुलींना कुणी काम सांगायचं नाही. त्या वेळचं पाणी आणि लहान पोरं गटातल्या बायांनी पाळीने बघायची. आणि मोबाइलची पाळी मुलीलाही द्यायची. ‘किशोर’चे जुने अंक आता मोबाइलवर फुकट वाचता येतात, आणि त्यातली शेवटची पानं शाबूत आहेत!

पहिल्या दिवशी मुली नुसत्याच उभ्या राहिल्या. तास आपला आहे यावर विश्वासच बसेना. चौथ्या दिवशी लगोरी फुटली आणि असा गलका झाला की घरातले पुरुष बाहेर येऊन बघायला लागले. एक-दोघी सासवा कुरकुरल्या. कुरकुरू द्या. आम्हीही सासवाच आहोत, समजूत काढता येते.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाले की तुम्हीही एकमेकींना विचारा, “तू खेळणं कधी सोडलंस?” आणि घरी गेलात की लेकीच्या हातातलं भांडं तासभर खाली ठेवा. सागरगोटे नसतील तर गुळगुळीत खडे चालतात.

बरं, येतो आम्ही. नमस्कार.