बैठकीतून कार्य उभे राहावे



जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत बैठकांची वाण कधीच नव्हती. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने, गावोगावच्या विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था, बाजार समित्या, पाणीवापर संस्था, महिलांचे बचत गट आणि अलीकडच्या काळात उभ्या राहिलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, या साऱ्यांचा कारभार कुठल्या तरी सतरंजीवर किंवा टेबलाभोवती बसूनच चालतो. कुकडी प्रकल्पाचे आवर्तन केव्हा सोडायचे, याचा विचारही कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतो. या भागातील शेतकऱ्याच्या ताटातला घास कोणत्या ना कोणत्या बैठकीतून येत असतो. त्यामुळे एखादी बैठक वाया गेली, तर केवळ दोन तास वाया गेले असे म्हणून भागत नाही. नारायणगावच्या बाजारात जाणाऱ्या टोमॅटोला तहकुबी ठाऊक नसते. बैठक पुढच्या आठवड्यावर ढकलता येते. पिकलेले फळ ढकलता येत नाही.

एक प्रातिनिधिक चित्र डोळ्यांसमोर आणावे. दहा संचालकांची एक उत्पादक कंपनी आहे. टोमॅटोची प्रतवारी करणारे यंत्र घ्यायचे की नाही, हे ठरवण्यासाठी दुपारी चारची बैठक बोलावली आहे. पावणेपाचला पाच जण जमतात. पहिला अर्धा तास पाऊस, बाजारभाव आणि तालुक्याचे राजकारण यांत जातो. मग शेडच्या उद्घाटनाचा विषय निघतो. पत्रिकेवर कोणाचे नाव आधी, फलक कोणत्या रंगाचा, जेवण कोणाकडे, यावर प्रत्येकाला मत असते आणि प्रत्येक जण ते मांडतो. यंत्राचा विषय येतो तेव्हा दिवेलागण झालेली असते. लाखो रुपयांच्या त्या खरेदीवर पाच मिनिटे बोलणे होते, कोणीतरी ‘बघू, ठरवू’ म्हणतो आणि बैठक संपते. खरी चर्चा सुरू होते ती बाहेर, मोटरसायकलींपाशी. तिथे दोघे-तिघे जे बोलतात, तोच पुढे निर्णय ठरतो. आणि ज्यांना तो मागाहून कळतो, ते पुढच्या बैठकीला येईनासे होतात.

हा दोष आपल्याकडचाच आहे असे नाही. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने 1957 मध्ये नेमके हेच दाखवून दिले. अणुभट्टीचा प्रस्ताव समितीत काही मिनिटांत संमत होतो, कारण तो कोणाला फारसा समजत नाही. सायकलींच्या शेडवर मात्र रेंगाळून चर्चा होते, कारण शेड सर्वांनाच समजते. विषय जितका किरकोळ, तितकी चर्चा लांब, हा त्याचा निष्कर्ष. पण रोगाचे नाव कळले म्हणून रोग बरा होत नाही. औषधासाठी आपल्याच घरातील एक जुनी पेटी उघडून पाहावी लागेल.

मंत्राची पाच अंगे

अथर्ववेदात सभा आणि समिती यांना प्रजापतीच्या दोन कन्या म्हटले आहे. एकत्र बसून विचार करण्याला या भूमीने इतके पवित्र स्थान दिले. मात्र पावित्र्य सांगून कोणी थांबले नाही. विचार कसा करावा, याचे शास्त्रही रचले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्याच अधिकरणात मंत्राचे, म्हणजे मसलतीचे, स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मसलतीची पाच अंगे सांगितली आहेत. कार्याला आरंभ करण्याचा उपाय. त्यासाठी लागणारी माणसे आणि द्रव्य. देश आणि काळ यांची विभागणी. संकट आल्यास त्याचा प्रतिकार. आणि कार्याची सिद्धी.

आता यंत्राच्या त्या बैठकीला ही पाच अंगे लावून पाहावीत. आरंभ कसा? तीन ठिकाणांहून दरपत्रके कोण मागवणार? माणसे आणि द्रव्य कोणते? यंत्र कोण चालवणार, स्वभांडवल किती, कर्ज किती? देश आणि काळ कोणता? शेड कुठे, आणि कोणत्या हंगामाच्या आधी ते उभे राहिले पाहिजे? संकटाचे काय? भाव कोसळला, वीज गेली, यंत्र बंद पडले, तर हप्ता कशातून जाणार? आणि सिद्धी कशी ओळखायची? एका हंगामात किती माल प्रतवारी होऊन गेला आणि सभासदाच्या हातात किलोमागे किती अधिक आले, हे कोण मोजणार? हे प्रश्न कागदावर असतील, तर फलकाच्या रंगाला बैठकीत जागाच उरत नाही. आपल्या बहुतेक बैठका पहिल्या अंगाच्या उंबरठ्यावरच संपतात. ‘हे व्हायला हवे’ यावर एकमत होते, आणि त्या एकमतालाच निर्णय समजले जाते.

कौटिल्य मसलतीच्या संख्येबद्दलही बोलतो. एकट्याशी विचार केला तर तो मनमानी करतो. दोघे असतील तर ते एक होऊन पेचात पकडतात किंवा भांडून काम बिघडवतात. तीन-चार जण असावेत. त्याहून अधिक झाले की निर्णय होणे कठीण. जे दूर आहेत त्यांचे मत पत्राने मागवावे, हेही तो सांगतो. आज पत्राचे काम मोबाइल करतो. वृत्त कळवणे, आकडे पोहोचवणे, कागद वाचायला देणे, हे बैठकीआधीच उरकता येते. माहिती घरी वाचावी, निर्णय बैठकीत घ्यावा. मोबाइलवरील गटात निर्णय आणि बैठकीत माहिती, असा उलटा व्यवहार सध्या फार दिसतो.

संघटनेतील कार्यकर्त्यांना ‘अपेक्षित’ हा शब्द नवा नाही. बैठक कोणाची, तिला कोण अपेक्षित, हे आधी ठरते. व्यवसायाच्या बैठकीत नेमका हाच विचार होत नाही. ज्याचे काम नाही त्याला मानासाठी बोलावले जाते, आणि ज्याचे काम आहे तो राहून जातो. टोमॅटोची तोडणी आणि कांद्याची निवड या कामांत घरच्या आणि मजुरीवरच्या स्त्रियांचा मोठा वाटा असतो. कोणता माल वाटेत टिकेल, हे त्यांच्या बोटांना कळते. पण प्रतवारीच्या बैठकीत त्यांची खुर्ची नसते. समभाग पत्नीच्या नावावर आणि बैठकीला पती, हे चित्र बदलल्याशिवाय सर्वांत जाणता आवाज बैठकीत येणारच नाही.

देशकाळाचेही तसेच. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम भागातील वनवासी बांधव हिरडा गोळा करतात. त्यांच्या मालाविषयीची बैठक मंचरला किंवा जुन्नरला भर दुपारी ठेवली, तर आहुप्यासारख्या घाटमाथ्यावरील गावातून येणाऱ्याचा पूर्ण दिवस आणि त्या दिवसाचा रोजगार जातो. मग ‘हे लोक येतच नाहीत’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. बैठकीने त्यांच्याकडे जावे.

लेखणी आणि निशाणी

याच भूमीत दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या श्रेणी कारभार करीत होत्या. नाणेघाटातून कोकणात उतरणारा व्यापार जुन्नरच्या बाजारपेठेतून जाई. जुन्नर परिसरातील लेण्यांमधील शिलालेखांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणारे आणि काशाची भांडी घडवणारे यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे उल्लेख आहेत. बौद्ध संघाला दान देणारा माणूस आपला पैसा एखाद्या श्रेणीकडे निर्धास्तपणे सोपवत होता. तिच्या शब्दाला पत होती आणि तो शब्द दगडावर कोरला जात होता.

पुढे शिवकाळात आणि पेशवाईत गोतसभा बसत. वतनाचा किंवा हद्दीचा तंटा आला की पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार एकत्र येत, साक्षी होत, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. कोण हजर होते, वाद काय, पुरावा काय, निर्णय काय, हे सारे त्यात येई. पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या व्यवसायाच्या हत्याराची. ज्याला अक्षर येत नव्हते, तोही निर्णयाला बांधला जाई. त्या व्यवस्थेतील उच्चनीचता आज कोणी परत आणू इच्छिणार नाही. पण निर्णय लिहून त्याखाली प्रत्येकाने आपली खूण करावी, ही शिस्त घेण्यासारखी आहे. आजचे इतिवृत्त बरेचदा बैठकीनंतर महिन्याने, लेखापरीक्षक येणार म्हणून, मागील वहीतून उतरवले जाते. सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. त्या वहीत ठराव असतो, पण बैठक नसते.

कायद्यानेही हीच शिस्त मागितली आहे. 2002 च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद झाली. आज ती 2013 च्या कायद्यात समाविष्ट आहे. त्यानुसार संचालक मंडळाची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा आणि वर्षात किमान चार वेळा व्हावी लागते. सूचना साधारणपणे किमान 7 दिवस आधी जावी लागते. एकूण संचालकांच्या एक तृतीयांश, परंतु किमान तिघांची उपस्थिती लागते. वार्षिक सभेची सूचना किमान 14 दिवस आधी द्यावी लागते आणि तिच्यासोबत विषयपत्रिका, मागील सभेचे इतिवृत्त व तपासलेला ताळेबंद जोडावा लागतो. हे कलम ओझे वाटते. पण ते मनापासून पाळले, तर निम्मी बैठक घरीच झालेली असते.

मतभेदाला आसन

एक अडचण मात्र कायद्याने सुटत नाही. आपली बैठक ही नातलगांची, भावकीची, शेजाऱ्यांची असते. समोर अण्णा बसलेले असताना पुतण्याने ‘हा व्यवहार तोट्याचा आहे’ असे म्हणायचे कसे? तो गप्प राहतो, आणि त्याच्या मौनाला संमती मानले जाते. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीचे दीर्घकाळ प्रमुख असलेले आल्फ्रेड स्लोन यांचा एक प्रसंग पीटर ड्रकर यांनी नोंदवला आहे. एका महत्त्वाच्या निर्णयावर सर्वांचे एकमत झालेले पाहून स्लोन यांनी तो विषय पुढच्या बैठकीवर टाकला. विरोधी मत तयार व्हायला अवधी मिळावा आणि निर्णय खरोखर कशाविषयी आहे हे उमगावे, हा त्यामागचा हेतू होता. हेच स्लोन बैठकीनंतर लगेच टिपण पाठवत. त्यात काय ठरले, काम कोणाचे आणि मुदत कोणती, हे असे.

आपल्याकडे याला सोपी रीत आहे. वयाने लहान त्याने आधी बोलावे, अध्यक्षांनी सर्वांत शेवटी. प्रत्येक मोठ्या खर्चाच्या वेळी एकाला मुद्दाम उणे बाजू मांडण्याचे काम सोपवावे. मग विरोध हा अनादर राहत नाही, ते नेमून दिलेले कर्तव्य ठरते. आणि निर्णय झाल्यावर विरोध करणाऱ्यानेही तो स्वतःचा मानून राबवावा. बैठकीत मतभेद आणि बाहेर एकवाक्यता, हा संघटित समाजाचा गुण आहे. बैठकीत एकवाक्यता आणि बाहेर कुजबुज, हे विघटनाचे लक्षण आहे.

‘बैठक, भोजन आणि विश्राम’ ही कार्यकर्त्यांमधील जुनी थट्टा आहे. थट्टेत थोडे सत्य असतेच. म्हणून चार गोष्टी निश्चयाने कराव्यात. विषय प्रश्नाच्या रूपात लिहून आधी पाठवावेत आणि सर्वांत जड विषय प्रथम घ्यावा. ठरलेल्या वेळी, आलेल्यांना घेऊन, गणपूर्ती होताच आरंभ करावा. वेळेवर येणाऱ्याला थांबवून उशिरा येणाऱ्याचा मान राखू नये. प्रत्येक निर्णयापुढे एकाच व्यक्तीचे नाव आणि एक तारीख बैठकीतच लिहून वाचून दाखवावी. ‘सर्वांनी मिळून’ असे लिहिलेले काम कोणाचेच नसते. आणि पुढच्या बैठकीचा पहिला विषय मागील निर्णयांचे काय झाले, हाच असावा. ज्या निर्णयाला नाव आणि तारीख मिळत नाही, त्याला निर्णय म्हणू नये.

ओझरच्या विघ्नेश्वराला आणि लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाला नमस्कार करून या भागात कार्यारंभ होतो. विघ्नहर्त्याची कृपा मागताना आपल्या आळसाने, संकोचाने आणि अळंटळं करण्याने निर्माण केलेली विघ्ने त्याच्यावर सोपवणे योग्य नव्हे. ती दूर करण्याची जागा बैठकीचीच आहे. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या समाजाला नियोजन, वेळ आणि शब्द पाळणे यांचे महत्त्व बाहेरच्या कोणी येऊन सांगावे लागू नये.