पडीक जमीन कोणाच्या हिशेबात?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



आयर्लंडचा शेतकरी आपल्या चळवळीला परका नाही. 1880 साली मेयो काउंटीत, लफ मास्क सरोवराच्या काठी, लॉर्ड अर्न या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी कुळांनी सर्व व्यवहार तोडले. त्या कारभाऱ्याचे आडनाव बॉयकॉट. पंचवीस वर्षांनी वंगभंगाच्या आंदोलनात हिंदुस्थानने जे शस्त्र उचलले, त्याचे इंग्रजी नाव या आडनावावरूनच आले होते. 1894 साली मद्रास येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष आल्फ्रेड वेब हेही आयरिशच होते. परंतु आपल्या परिचयाचा आयरिश शेतकरी म्हणजे तो लढणारा कूळ. जमीन मिळाल्यावर त्या कुळाच्या नातवंडा-पतवंडांचे काय झाले, त्यांच्या शेतातील पाखरांचे आणि रानाचे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जमीन कसणाऱ्याची झाली म्हणजे प्रश्न संपतो असे मानणाऱ्यांनी तर तो अवश्य विचारला पाहिजे.

1845 पासून बटाट्यावर पडलेल्या रोगाने जो दुष्काळ आला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीस लागली. 1879 साली मायकेल डेव्हिट यांच्या पुढाकाराने लँड लीगची स्थापना झाली. त्या संघर्षाच्या रेट्याने ब्रिटिश पार्लमेंटला एकामागून एक कायदे करावे लागले. 1903 च्या विंडम कायद्याने कुळांना सरकारी कर्जावर जमीन विकत घेण्याचा मार्ग खुला झाला, आणि स्वातंत्र्यानंतरही लँड कमिशनने मोठ्या जमीनदाऱ्या फोडून वाटण्याचे काम अनेक दशके चालविले. अशा रीतीने कुळांचा देश छोट्या मालकांचा देश झाला.

या इतिहासाने शेतकऱ्याच्या मनावर एक संस्कार कोरला. ज्या वावरातील धोंडे आजोबांनी हातांनी वेचून त्यांचा गडगा रचला, ते वावर झुडपांना सोडून देणे म्हणजे पूर्वजांच्या कष्टांचा अपमान. बांधावरील काटेरी गॉर्स आत सरकू लागला, कुरणात लव्हाळा माजला, की गावात बोलणे सुरू होते : घरात कोणी करते माणूस उरले नाही वाटते! जमीन विकणे तर त्याहून कठीण. एका वर्षात देशातील एक टक्काही शेतजमीन विक्रीस येत नाही. ज्याला कसणे झेपत नाही तो ती अकरा महिन्यांच्या कराराने दुसऱ्यास देतो. आणि अकरा महिन्यांसाठी आलेला माणूस त्या जमिनीवर झाड कशाला लावील?

आज या शेतकऱ्याचे दैनंदिन जीवन कसे आहे? 2020 च्या कृषिगणनेत आयर्लंडच्या प्रजासत्ताकात सुमारे 1 लाख 35 हजार शेते नोंदली गेली. सरासरी क्षेत्र सुमारे 33 हेक्टर. आपल्याकडील कार्यकर्त्याला हा आकडा बागाईतदाराचा वाटेल. परंतु नव्वद टक्क्यांहून अधिक शेतजमीन गवताची आहे, आणि पश्चिमेकडे ती ओली, खडकाळ व तुकड्यातुकड्यांची आहे. मांसासाठी गुरे पाळणाऱ्या शेतांवर सरकारी अनुदान वजा केले तर बहुतेक वर्षी हाती काही उरत नाही. म्हणून नवरा किंवा बायको नोकरीला जाते, आणि गुरांचे पाहणे सकाळी कामावर निघण्यापूर्वी व संध्याकाळी परतल्यावर होते. हिवाळ्याच्या अखेरीस गाई वितात, तेव्हा रात्री-अपरात्री कंदील घेऊन गोठ्यात जावे लागते. पूर्वी गवत कापायला आणि जळणासाठी दलदलीतील पीट काढायला शेजारी एकत्र जमत. आपल्याकडील इर्जिकेसारखी ही पद्धत, आयरिश भाषेत तिचे नाव मेहल. आता ठेक्याने येणारे यंत्र तेच काम एका दुपारी उरकते. एक तृतीयांश शेतमालक 65 वर्षांच्या वरचे आहेत. पस्तिशीच्या आतले शंभरात जेमतेम सात.

या जीवनाच्या सांदीफटीत वन्यजीव राहत होते. कोणी त्यांना मुद्दाम पाळले नव्हते. शेतीची रीतच त्यांना सोयीची होती. कॉर्नक्रेक हा पाणकोंबडीच्या कुळातील लहानसा पक्षी दर उन्हाळ्यात आफ्रिकेतून येतो आणि गवताच्या कुरणात घरटे करतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याची कर्कश हाक आयर्लंडच्या सर्व काउंट्यांत रात्रभर ऐकू येई. गवत उशिरा, वाळवून ठेवण्यासाठी कापले जाई. तोवर पिले चालती झालेली असत. पुढे मुरघास आला. गवत मे-जूनमध्येच हिरवे कापले जाऊ लागले. यंत्र शेताच्या कडेने फिरत आत येते, पिले मध्यभागी उरलेल्या गवतात कोंडली जातात आणि शेवटच्या फेरीत चिरडली जातात. आज नर पक्ष्यांच्या हाका ऐकून केलेली मोजदाद सुमारे दोनशेवर येते, आणि तीही मुख्यतः डोनेगल, मेयो व गॉलवेच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर. लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू पक्षी तर त्याहून संकटात आहे. 2015 ते 2017 च्या पाहणीत त्याची वीण करणारी अवघी 138 जोडपी आढळली. 2021 मध्ये ती 105 वर आली. दलदलीचा निचरा झाला, पीट काढले गेले, माळांवर झाडे लावली गेली. त्याला अंडी घालायला जागा उरली नाही.

हे शेतकऱ्याच्या लोभाने झाले असे म्हणणे सोपे आहे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी विचारले पाहिजे की पैसा कोणत्या कामासाठी दिला जात होता. 1945 च्या कायद्यान्वये सरकारनेच नद्या खोल करून पाणथळ जमिनींचा निचरा करण्याचे काम हाती घेतले. 1973 साली आयर्लंड युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले. पुढे मेंढीमागे अनुदान मिळू लागले, तेव्हा 1980 नंतरच्या दहा-बारा वर्षांत मेंढ्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली. पश्चिमेकडील सामाईक डोंगर, जेथे प्रत्येक घराचा चराईचा वाटा असतो, ते मेंढ्यांनी खरवडून काढले. काळी माती उघडी पडून पावसाने वाहू लागली. 2002 साली युरोपीय न्यायालयाने मेयोतील ओवेनडफ-नेफिन बेग डोंगरांच्या प्रकरणात आयर्लंडला दोषी धरले. ज्या युरोपने मेंढ्या वाढविण्यासाठी पैसे दिले, त्याच युरोपने मेंढ्या फार झाल्या म्हणून ठपका ठेवला. मग शेतकऱ्यांना कळप कमी करण्याचे फर्मान निघाले.

यानंतर अनुदान डोक्यावरून क्षेत्रावर आले, आणि एक नवाच विपर्यास सुरू झाला. हेक्टरमागे पैसे द्यायचे तर शेतीयोग्य हेक्टर कोणता, हे ठरवावे लागते. उपग्रहाच्या आणि विमानाच्या छायाचित्रांवरून नकाशे झाले. ज्या तुकड्यात झुडूप दिसे, पाणी साचलेले दिसे, तो वजा होई. अधिक क्षेत्र दाखविल्याचा ठपका आला तर दंडही होई. काटेरी झुडूप हे छोट्या पक्ष्यांचे घर, मधमाशीचे अन्न. पण हिशेबाच्या वहीत ते पडीक. शेतकऱ्याने काय केले? कुऱ्हाड घेतली, किंवा खोदयंत्र बोलावले. आजोबांचा संस्कार आणि ब्रुसेल्सचा नियम या दोघांनी त्याला एकच गोष्ट सांगितली : साफ कर. 2023 पासून नियम बदलला. आता एखाद्या तुकड्याचा निम्म्यापर्यंत भाग निसर्गाला उपकारक झुडपांनी वा पाण्याने व्यापलेला असला, तरी तो अनुदानास पात्र ठरतो. जमीन तीच, झुडूप तेच. वहीतील शेरा मात्र बदलला. ज्याने जुना नियम पाळून बांध तोडला, त्याला आता नवा बांध लावण्याची योजना दाखविली जाते.

केवळ मनाईने रक्षण करू पाहण्याचा प्रयोगही आयर्लंडने करून पाहिला. हेन हॅरिअर हा आपल्या माळांवर हिवाळ्यात दिसणाऱ्या भोवत्याच्या कुळातील शिकारी पक्षी. त्याच्यासाठी 2007 साली डोंगराळ भागातील सहा क्षेत्रे संरक्षित म्हणून घोषित झाली. तेथे नवीन वनलागवड जवळपास बंद झाली, जमिनीची किंमत पडली, आणि भरपाईची योजना काही वर्षांतच नव्या अर्जदारांना बंद करण्यात आली. पक्ष्याचे पालकत्व सर्व देशाने घेतले, खर्च मात्र डोंगरावरील गरीब शेतकऱ्याच्या माथी मारला. परिणाम काय झाला? शेतकऱ्याच्या तोंडी त्या पक्ष्याचे नाव संकटाचे नाव झाले, आणि पक्षीही वाढला नाही. 2022 च्या पाहणीत त्याची शंभराच्या आसपासच जोडपी उरली होती.

दुसरीकडे भांडवलाची नजर याच 'निरुपयोगी' जमिनीवर आहे. लेट्रिमसारख्या काउंटीत ओल्या कुरणांच्या जागी उत्तर अमेरिकेतील सिटका स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या दाट रांगा उभ्या राहिल्या. त्यांच्या सावलीत ना गवत उगवते, ना शेजार उरतो. घरे काळोखात जातात आणि शाळेला मुले मिळत नाहीत, ही तेथील लोकांची तक्रार आहे. 2023 च्या प्रारंभी सरकारी वनसंस्था कोइल्ते आणि ग्रेशम हाउस ही ब्रिटिश गुंतवणूक कंपनी यांच्यातील करार उघड झाला, तेव्हा शेतकरी आणि पर्यावरणवादी दोघेही संतापले. परस्परांकडे संशयाने पाहणाऱ्या या दोन पक्षांना जमिनीची मालकी पुन्हा दूरच्या धनिकांकडे जाते की काय, या एका भयाने एकत्र आणले.

मग मार्ग कोणता? त्याचे एक उत्तर क्लेअर काउंटीतील बरन या प्रदेशात मिळते. बरन म्हणजे चुनखडीच्या फरशा पसरल्यासारखा डोंगर. उन्हाळ्यात गुरे वर आणि हिवाळ्यात खाली, ही जगाची रीत. बरनमध्ये ती उलटी आहे. खडक उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो, पायाखाली कोरडे राहते, म्हणून शरद ऋतूत गुरे वर चढतात आणि हिवाळाभर तेथेच चरतात. ती वाळलेले गवत खाऊन जमीन मोकळी करतात, आणि वसंतात जेन्शियनची निळी फुले व इतर अनेक दुर्मीळ वनस्पती वर येतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस गुरे गोठ्यात मुरघासावर राहू लागली, माणसे नोकरीला गेली, डोंगर सुटला, आणि हेझलच्या झुडपांनी फुलांची कुरणे गिळायला सुरुवात केली. म्हणजे येथे माणसाने जमीन सोडल्याने निसर्ग श्रीमंत झाला नाही, गरीब झाला.

2005 साली तेथे वीस शेतांवर प्रयोग सुरू झाला. डॉ. ब्रेन्डन डनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांना आज्ञा दिल्या नाहीत, त्यांना विचारले. पुढे कुरणाच्या स्थितीला दहापैकी गुण देण्याची पद्धत बसली : गुण अधिक तर पैसा अधिक. झुडूप कोठे तोडायचे, गडगा कोठे सांधायचा, पाणी कोठे द्यायचे, हे शेतकरी स्वतः सुचवू लागला. फूल हे त्याच्या कामाचे उत्पादन ठरले, जसे वासरू ठरते. वीस शेतांची ही योजना तीनशेहून अधिक शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. तिचे तत्त्व पुढे राष्ट्रीय योजनेत घेतले गेले; परंतु त्या नव्या योजनेचे पैसे पहिल्याच वर्षी अनेकांना वेळेवर मिळाले नाहीत. विश्वास कमवायला वीस वर्षे लागतात, गमवायला एक थकलेला हप्ता पुरतो, हे नोकरशाहीला कोणी शिकवावे?

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. काही निसर्गप्रेमी म्हणतात, डोंगरावरची तोट्यातील मेंढपाळी चालूच कशाला ठेवायची? जमीन मोकळी सोडा. जंगल आपोआप येईल. यात तथ्य नाही असे नाही. आयर्लंडमध्ये मूळ देशी जंगल एक-दोन टक्केच उरले आहे. मेंढ्यांनी खरवडलेल्या डोंगरांना विश्रांती हवीच. परंतु बरनला जे औषध लागू पडते ते मेयोला नाही, आणि मेयोचे बरनला नाही. कोठे गुरे हवीत, कोठे नकोत, हे वर्षानुवर्षे तो डोंगर पाहणाराच सांगू शकतो. तो गेला तर त्याची जागा नेहमी ओकवृक्ष घेईल असे नाही. स्प्रूसचा गुंतवणूकदारही घेईल.

शेतकऱ्यालाही बदलावे लागते. 2007 साली नॉर्वेहून आणलेली पांढऱ्या शेपटीच्या गरुडाची पिले केरीत सोडण्यात आली, तेव्हा कोकरांच्या भीतीने मेंढपाळांनी निदर्शने केली. पुढील वर्षांत कित्येक गरुड विषाने मेले, आणि त्याचे समर्थन कोणीही करू नये. पण 2013 साली क्लेअरमधील माउंटशॅननजवळ शंभराहून अधिक वर्षांत प्रथमच या जातीची पिले घरट्यातून उडाली, तेव्हा गावाने ती आपली मानली. लोक दुर्बिणी घेऊन तेथे येऊ लागले.

आयर्लंडच्या शेतांत हजारो जुनी मातीची वर्तुळे आहेत. त्यांत पऱ्यांचा वास असतो या समजुतीने पिढ्यान् पिढ्या कोणी तेथे नांगर घातला नाही. भुकेल्या कुळानेही तेवढी जमीन सोडली होती, आणि कोणत्याही वहीत तिला पडीक म्हटले नव्हते. आज पऱ्यांवरील श्रद्धा पुन्हा आणता येणार नाही, आणि आणण्याची आवश्यकताही नाही. परंतु समाज त्या जागी काय ठेवणार, हा प्रश्न उरतोच. तेथे केवळ बाजार ठेवला तर स्प्रूस येईल, आणि केवळ मनाई ठेवली तर विष येईल. पाखराचे घरटे राखणे हे श्रम आहेत, त्या श्रमांचे ज्ञान कसणाऱ्यापाशी आहे आणि त्यांचे मोल समाजाने वेळेवर चुकते केले पाहिजे, ही गोष्ट मान्य झाली तरच कॉर्नक्रेकही राहील आणि त्याची हाक ऐकणारा शेतकरीही राहील. लँड लीगने जमीन कोणाची हा प्रश्न सोडविला. जमीन कशासाठी, हा प्रश्न तिच्या वारसांपुढे अजून उभा आहे.